कल्याणच्या बंदरात अडवलेलं जहाज

कानात हेडफोन घालून लोकलच्या दारात उभे असाल, तर आधी जरा आत सरका आणि मग ऐका. आजचा विषय पडायला होईल इतका घाईचा नाही, दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज केले होते की प्राचीन ग्रीसवर एक भाग करा. युद्धं आणि सुवर्णयुग, दोन्ही एकत्र. मी तयारीही केली होती. मॅरेथॉन, सालामिस, पार्थेनॉन, सॉक्रेटिस, सगळं वहीत उतरवून झालं होतं. तेवढ्यात माझ्या भाच्याने एक रील पाठवली.

भाचा बारावीत आहे, राहतो आमच्याच कुर्ल्याच्या नेहरूनगरात. रीलमध्ये ढोल-ताशे वाजतायत, मागे नाशिकच्या लेण्यांचे फोटो सरकतायत, आणि ठळक अक्षरांत लिहिलंय की शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा राजा, गौतमीपुत्र सातकर्णी. खाली भाच्याचा प्रश्न होता: "मामा, युद्धं जिंकली म्हणूनच ही लेणी झाली ना? ग्रीसचंही तसंच आहे ना?"

प्रश्न चांगला आहे, निम्मा बरोबरही आहे. पण रीलखालच्या कमेंट्स मी वाचल्या. त्यात लोकांनी 'यवन' हा शब्द सरळसरळ आपल्या आजच्या शेजाऱ्यांसाठी वापरला होता. भाच्याच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मी विचारलं नाही. म्हटलं, उत्तर नीटच द्यायला हवं. म्हणून हा भाग ग्रीसमध्ये सुरू होईल खरा, पण लवकरच आपली गाडी मध्य रेल्वेवर येणार आहे.

अथेन्सचा हिशेब

इ.स.पू. ४८० साली इराणचा सम्राट झर्क्सिस अथेन्समध्ये शिरला आणि त्याने अक्रोपोलिसच्या टेकडीवरची मंदिरं जाळली. त्याच वर्षी सालामिसच्या खाडीत ग्रीक जहाजांनी त्याचं आरमार मोडलं. इराणी परत येतील या धास्तीने बऱ्याच ग्रीक शहरांनी मिळून एक संघ केला. वर्गणी ठरली, तिजोरी डेलोस नावाच्या बेटावर ठेवली. इ.स.पू. ४५४ मध्ये ती तिजोरी अथेन्सला हलवली गेली, आणि ४४७ मध्ये त्याच जळालेल्या टेकडीवर पार्थेनॉनचं काम सुरू झालं.

आपल्या भाषेत सांगायचं, तर सगळ्या गल्ल्यांनी मिळून रखवालदारासाठी काढलेली वर्गणी एका गल्लीने स्वतःचं सभागृह बांधायला वापरली. यावरून तेव्हा अथेन्समध्येच भांडणं झाली होती. म्हणजे भाच्याचा निम्मा मुद्दा इथे खरा ठरतो. युद्धाच्या नावाने गोळा झालेला पैसा त्या सौंदर्यात गेला, हे नाकारता येत नाही.

पण पुढचं ऐका. पार्थेनॉन इ.स.पू. ४३२ मध्ये पूर्ण झालं आणि ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात युद्ध पेटलं. ते मधल्या तहांसकट २७ वर्षं चाललं. दुसऱ्याच वर्षी अथेन्समध्ये साथ आली, आणि ज्याच्या काळात पार्थेनॉन उभं राहिलं तो पेरिक्लीस ४२९ मध्ये गेला. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने मेलोस नावाच्या छोट्या बेटावरचे पुरुष मारले आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली.

आणि या सगळ्यात नाटकवाले काय लिहीत होते? विजयाची गाणी नव्हे. ॲरिस्टोफेनिसने इ.स.पू. ४२५ मध्ये एक विनोदी नाटक केलं. त्यात युद्धाला कंटाळलेला एक शेतकरी शत्रूशी स्वतःपुरता खासगी तह करून टाकतो. मेलोसनंतरच्याच वर्षी युरिपिडीसने ट्रॉयच्या बायकांवर नाटक केलं. त्यात जिंकणारे नव्हे, तर हरलेल्या शहरातल्या आया आणि विधवा बोलतात. अथेन्समधली सगळ्यात धारदार नाटकं युद्धाच्या काळातली आहेत, पण ती युद्धाला प्रश्न विचारणारी आहेत. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण गेलं आणि त्याच्या भिंती पाडल्या गेल्या.

बरं, आता हे 'यवन' कोण? आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक वस्तीचा प्रदेश होता. इराण आणि ग्रीस यांच्यातल्या लढायांची सुरुवात इ.स.पू. ४९९ मध्ये याच आयोनियातल्या बंडाने झाली. इराणी लोक या ग्रीकांना आयोनियावरून 'यौन' म्हणायचे. तोच शब्द आपल्याकडे 'योन' आणि 'यवन' झाला. म्हणजे यवन म्हणजे मुळात ग्रीक, आणि मग हळूहळू पश्चिमेच्या समुद्राकडून येणारे परदेशी. दुसऱ्या लोकांना हा शब्द चिकटला तो कित्येक शतकांनंतर.

आणि हे यवन आपल्याकडे कुठे उतरायचे? तर कुर्ल्याहून लोकलने तासाभरात पोचाल, तिथे.

कल्याण स्लो

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक माहितीवजा पुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, पण माणूस पक्का धंदेवाईक. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय स्वस्त, कुठे खडक, कुठे चाचे, सगळं नोंदवलंय. त्यात आपल्या ओळखीची नावं येतात: सुप्पारा म्हणजे सोपारा, सेमुल्ला म्हणजे चौल, आणि कल्लियेना म्हणजे आपलं कल्याण.

पैठण आणि तेर इथून बैलगाड्या भरून माल भडोचला जायचा. अवघड वाटांनी जाणाऱ्या त्या गाड्यांमध्ये सुती कापड आणि रंगीत खडे असत. परदेशातून भडोचला यायची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. आणि राजासाठी गाणारी मुलं आणि देखण्या मुलीसुद्धा. त्या व्यापारात माणसंही मालच होती, हेही विसरून चालणार नाही.

कल्याणबद्दल हा व्यापारी जे सांगतो ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो की थोरल्या सातकर्णीच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पण ते संदनेस नावाच्या माणसाच्या ताब्यात गेल्यापासून तिथल्या व्यापारावर बंधनं आली. ग्रीक जहाज चुकून जरी तिकडे गेलं, तरी त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात.

चित्र डोळ्यांसमोर आणा. एवढा अरबी समुद्र ओलांडून आलेलं जहाज, पोटात तांबं आणि दारूचे घडे. नावाडी उल्हास नदीच्या खाडीत शिरतो, कारण मागच्या खेपेला त्याने किंवा त्याच्या बापाने इथेच माल उतरवला होता. आणि काठावरून शिपाई येतात. चल, भडोच. त्याला आपल्या राजांच्या भांडणाशी काय देणंघेणं? पण त्याचा माल अडकला. आणि कल्याणच्या धक्क्यावर त्या मालाची वाट बघणारा सोनार, हमाल, गाडीवान, त्यांचंही काम गेलं.

भांडण होतं ते याचसाठी. एकीकडे पैठणचे सातवाहन, दुसरीकडे भडोचकडून खाली सरकलेले शक क्षत्रप. त्यांच्यातला आपल्या दृष्टीने मोठा राजा म्हणजे क्षहरात घराण्यातला नहपान. घाटाच्या वाटा आणि किनाऱ्यावरची बंदरं ज्याच्या हातात, जकात त्याची.

एकाच डोंगरावर दोन घराणी

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरची लेणी. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची राहायची जागा. दहा नंबरचं लेणं नहपानाचा जावई उषवदात याने दिलं. त्याच्या लेखातला एक हिशेब बघा. त्याने ३,००० कार्षापण नाणी कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघटनांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. २,००० नाणी एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून २० भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी १२ नाणी कपड्यांसाठी.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. २,००० वर वर्षाचं १२ टक्के व्याज २४०. आणि २० गुणिले १२? तेही २४०. एका पैचा फरक नाही. अशी ठेव कोण ठेवेल? ज्याला खात्री आहे की विणकर उद्याही विणतील, परवाही विणतील, आणि व्याज देत राहतील, तोच.

मग गौतमीपुत्र सातकर्णी आला आणि त्याने नहपानाचं राज्य संपवलं. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,०००हून जास्त नाणी. त्यातल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला होता. वितळवायच्या भानगडीत पडला नाही. नहपानाचा चेहरा आणि बाजूची ग्रीक अक्षरं (हो, आपल्याकडच्या शक राजाच्या नाण्यावर ग्रीक अक्षरं होती!) आणि त्यावर थेट सातवाहनांचा शिक्का. पाटी बदलली, चांदी तीच.

लेण्यांचंही तसंच. तीन नंबरचं लेणं गौतमीपुत्राच्या घराण्याचं. त्याच्या दर्शनी खांबांची घडण दहा नंबरसारखीच आहे. शत्रूचं लेणं समोर ठेवून काम केलंय. नहपानाच्या लेण्यात भिक्षूंच्या १६ खोल्या, तर यांच्यात १८. ईर्ष्या होती, आणि ईर्ष्येतून चांगलं काम झालं. भाच्याच्या बाजूने हाही एक मुद्दा, मी मान्य करतो.

रीलमधलं बिरुद याच तीन नंबरच्या लेण्यातलं. ते लिहवून घेतलं राजाच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाच्या मागे, नातवाच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा, हे त्यात आहेच. पण त्याच लेखात ती असंही म्हणते की अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची माझ्या मुलाला आवड नव्हती. रीलमध्ये तेवढं वाक्य आलं नाही. तीस सेकंदांत बसलं नसेल.

आणि याच डोंगरावर १७ नंबरचं लेणं आहे. ते कोणी दिलं? उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने. लेखात त्याची ओळख दिलीय 'योनक'. म्हणजे यवन. ज्या डोंगरावर यवनांचा नाश केल्याचा लेख आहे, त्याच डोंगरावर एका यवनाने आईबापांच्या पुण्यासाठी लेणं खोदून दिलंय.

ओसाड काखडी

आता सगळ्या भागातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट.

युद्ध जिंकल्यावर, आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी, गौतमीपुत्राने विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या, म्हणजे नाशिक भागातल्या, अधिकाऱ्याला हुकूम धाडला. काखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते या डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. निवर्तन हे जमिनीचं माप. हरलेल्याची जमीन काढून दान केली. विजयातून संस्कृती म्हणतात ती ही.

सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरा लेख. राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने. मजकूर थोडक्यात असा: आम्ही भिक्षूंना काखडीत शेत दिलं होतं. ते शेत कोणी कसत नाही. गावात वस्तीच नाही. म्हणून त्याऐवजी शहराच्या हद्दीवरच्या आमच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तनं द्यावीत.

गावात वस्ती नाही. कारण लेख सांगत नाही. पण ज्या मुलखावरून नुकतीच फौज गेली, तिथलं गाव ओस पडलं असेल तर त्याचा अंदाज करायला इतिहासाची पदवी लागत नाही. दान देणारा राजा मोठा, दानपत्र पक्कं, दगडात कोरलेलं. पण नांगर धरायला माणूसच नाही, तर त्या दानाचं करायचं काय? राजाने स्वतःच दगडावर कबूल केलंय की नुसत्या विजयातून भिक्षूंच्या ताटात भात पडत नाही.

खांबांवरची नावं

मग लेणी उभी राहिली कोणाच्या पैशावर? आपल्या घरातल्या स्टीलच्या डब्यावर किंवा तांब्यावर बघा. बोहारणीला न दिलेलं एखादं जुनं भांडं असेलच. त्यावर बारीक ठिपक्यांत कोरलेलं असतं, अमुक यांजकडून, तारीख तमुक. आपल्याला देणाऱ्याचं नाव घालायची सवय फार जुनी आहे.

लोणावळ्याजवळ कार्ल्याला जा. तिथलं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यात मोठं. आत रांगेने खांब आणि खांबांवर नावं. धेनुकाकट गावचा अमुक यवन, याने हा खांब दिला. पुढे गेलात की आणखी एक यवन. मग एक अत्तरवाला. दारावर एका सुताराचं नाव. कुठे भिक्षुणी, कुठे कोणाची आई. वैजयंतीचा भूतपाल नावाचा एक शेठ या कामाला जंबुद्वीपातलं सर्वोत्तम म्हणतो. शेठ लोक तेव्हाही जाहिरातीत कमी नव्हते. जुन्नरला तर इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिलीत आणि चिट नावाच्या यवनाने जेवणाचा मंडप.

या कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव आधी उषवदाताने दिलं. सत्ता बदलल्यावर तेच गाव सातवाहनांनी पुन्हा दिलं. दोन्ही लेख तिथेच आहेत. राजे आळीपाळीने एकच गाव दान करत होते, आणि खांब मात्र अत्तरवाले, सुतार आणि यवन एकेक करून उभे करत होते. यांना काय हवं होतं? घाट मोकळा, बंदर उघडं, आणि उद्या पुन्हा दुकान लावता येईल एवढी शाश्वती.

म्हणून भाच्याला माझं उत्तर असं: युद्धांनी शिक्के बदलले, जमिनी फिरवल्या, कधी ईर्ष्या पेटवली. पण खांब उभा राहिला तो गाड्या चालू होत्या म्हणून.

कान्हेरीचं टाकं

उत्तर पाठवलं. त्याचा रिप्लाय आला, "मोठं आहे, नंतर वाचतो." मग रविवारी त्याला सरळ घेऊनच गेलो. कुर्ल्याहून दादर, दादरहून बोरिवली, आणि नॅशनल पार्कमधून कान्हेरी. कुर्ला काय, कान्हेरी काय, दोन्ही साष्टी बेटावरच. म्हणजे ते भिक्षू आपले जुने शेजारी.

तिथे एका टाक्यावर लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीच्या मंत्र्याने ते दिलं. राणी कोण? कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर 'रु' तेवढं उरलंय, पुढे दगड फुटलाय. हा रु म्हणजे रुद्रदामन असं मानलं जातं. शक राजा! त्याचाच जुनागढचा लेख, साधारण इ.स. १५०चा, सांगतो की मी सातकर्णीला दोनदा लढाईत हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याला संपवलं नाही. म्हणजे ज्या शकांचा नाश केल्याचं आजी नाशिकला लिहून गेली, त्यांचीच लेक पुढे सातवाहनांच्या घरात सून म्हणून आली.

भाचा म्हणाला, "म्हणजे व्याही झाले?"

म्हटलं, हो. व्याही झाले.

कल्याणच्या एका सोनाराने कान्हेरीला पाण्याचं टाकं दिलंय, कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिलीय, हेही मी त्याला सांगितलं. कल्याण पुन्हा चालू झालं होतं. धक्क्यावर वाट बघत बसलेल्या त्या सोनाराच्या नातवंडा-पतवंडांपैकी कोणाच्या तरी हातात दानाला पैसे उरले होते.

परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाची देणगीदारांची पाटी अजून उतरवायची राहिली होती. भाच्याने यंदा स्वतःच ती रंगवली होती. तो थांबला आणि वाचत बसला. त्यात सीएसटी रोडवरच्या गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्या चाचांचंही नाव आहे, दरवर्षी असतं. भाचा काही बोलला नाही. रात्री बघितलं तर ती रील त्याच्या स्टेटसवरून गेली होती.

तर मंडळी, तुमच्या गावात, देवळात, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर अशी नावं कोरलेली असतील, तर फोटो काढून पाठवा. कोणी दिलं आणि काय धंदा करायचे, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. पुढच्या भागात आपण नाणेघाट चढणार आहोत. पाण्याची बाटली सोबत ठेवा. भेटूया!